घोड्याखालचा दाणा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता, आता वयाच्या शेवटच्या टप्प्यावरही नाही. वडील वनखात्यात रेंजर होते. राधानगरीच्या बाजूला आमचं लहानपण जंगलातच गेलं. चकवा, हडळ, झाडावरचा मुंजा... हे सगळं गड्यांच्या तोंडून ऐकायचं, हसायचं आणि झोपायचं. इथले बाकीचे अनुभव वाचतानाही मी प्रत्येकाला मनातल्या मनात कारण शोधते. बहुतेकांना सापडतं. माझ्या स्वतःच्या ह्या एका गोष्टीला मात्र साठ वर्षांत सापडलेलं नाही, म्हणून लिहितेय.

साल त्रेसष्ट-चौसष्ट. आम्ही स्टुटगार्टच्या दक्षिणेला, टेकडीवरच्या एका खेड्यात राहत होतो. हे तिथे एका कारखान्यात इंजिनिअर होते. रोज पहाटे बसने खाली स्टेशनावर, तिथून गाडीने कामावर. घर हेर बॉयर्ले नावाच्या म्हाताऱ्यांचं होतं. ते विधुर. खाली ते, वर आम्ही. मागे उतारावर सफरचंदांची बाग आणि बाग संपली की लगेच जंगल.

हेर बॉयर्ले शिकारी होते. म्हणजे ससे, फेझंट पक्षी, कधीतरी कोल्हा — छोटी शिकार. पहिल्याच आठवड्यात मी जिन्यावरून खाली उतरत होते. त्यांच्या स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि आत टेबलावर घोंगडी पसरून ते पिस्तूल साफ करत बसले होते. तो तेलाचा वास आला आणि मला एकदम वडिलांची आठवण आली. इतकी, की डोळेच भरून आले. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, "हे मला येतं."

त्यांनी आधी माझ्या साडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आल्झो, म्हणजे बरं तर, दाखवा," म्हणाले.

मी काडतुसं काढलेली आहेत का ते बघितलं, हातात घेतलं आणि पुन्हा एकदा बघितलं. वडिलांची शिस्त — आधी रिकामं आहे का बघ, मग उचल, मग परत बघ. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. त्यांच्या वडिलांनी त्यांना हेच तीन वाक्यांत शिकवलं होतं, फक्त जर्मनमध्ये.

झालं! त्या दिवसापासून त्यांची दोन्ही पिस्तुलं साफ करायचं काम माझ्याकडे आलं. पुढच्या वर्षी मी शिकारीची परीक्षा दिली. हॉलमध्ये सगळे पुरुष, त्यांत मी एकटी बाई, तीही ह्यांची पँट घालून. पहिल्यांदा झाडांच्या नावांत नापास झाले, दुसऱ्यांदा पास. मग याग्डशाइन मिळालं, म्हणजे शिकारीचा परवाना. आणि त्यावर मी माझं स्वतःचं एक सेकंडहँड रिव्हॉल्व्हर घेतलं. पॉइंट टू-टूचं, छोटं, अक्रोडाच्या मुठीचं. लोक दागिने घेतात, मी हे घेतलं... आणि खरं सांगते, एकाही दागिन्याने मला इतका आनंद दिला नाही.

दर शनिवारी दुपारी माझी बैठक असायची. घोंगडी, पितळी ब्रश, एक जुना टूथब्रश, आणि ह्यांच्या फाटक्या बनियनच्या चौकोनी चिंध्या. नळीतून चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत काम संपत नाही. तेल ओतायचं नाही, फक्त तेलाचा हात फिरवायचा. चिंधीवर तांबूस रेघ दिसली तर तो गंज, आणि हेर बॉयर्लेंच्या लेखी गंजासारखी नामुष्की दुसरी नाही. पंचेचाळीस साली अमेरिकनांनी त्यांची सगळी हत्यारं जमा करून नेली होती. त्यामुळे पुन्हा मिळालेल्यांना ते फार जपायचे.

रविवारी आम्ही दोघं आणि त्यांचा कुत्रा, असे निघायचो. तो डाकल होता, आखूड पायांचा, लांबुडका. नाव लुम्प, म्हणजे वात्रट, आणि होताही तसाच. बिळात शिरून सशाला बाहेर काढायचा आणि मग स्वतःच बाहेर यायला तयार नसायचा. दोन ससे मिळाले की एक त्यांचा, एक आमचा. मी आईने पाठवलेला कोल्हापुरी मसाला घालून रस्सा करायचे. हे स्वतः कधी शिकारीला आले नाहीत, पण वाटी मात्र दोनदा पुढे करायचे.

माझ्या ह्या छंदावर एकाच माणसाचा राग होता — साताऱ्याच्या सासूबाईंचा. मोहित्यांच्या घरची सून परक्या देशात बंदूक घेऊन रानोमाळ हिंडते, हे त्यांना अजिबात पसंत नव्हतं. पत्रं यायची ती फक्त ह्यांच्या नावाने. खाली "सौ.स आशीर्वाद", एवढंच. मी वरवर हसायचे, पण आत कुठेतरी लागायचं. एका उन्हाळ्यात हेर बॉयर्लेंनी माझा फोटो काढला. बागेतल्या टेबलापाशी मी बसलेली, समोर साफ केलेलं रिव्हॉल्व्हर, पायाशी लुम्प. ह्यांनी तो मला न विचारता सासूबाईंना पाठवून दिला. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

आता मूळ गोष्ट.

ऑक्टोबर होता, सफरचंदं उतरवून झाली होती. लुम्प एक दिवस जिन्यावरून उतरला आणि त्याचे मागचे पाय गेले. डाकलांना हे होतं म्हणे, पाठीचा कणा लांब असतो ना. पुढच्या दोन पायांवर ओढत ओढत आला आणि आमच्याकडे बघत राहिला. जनावरांच्या डॉक्टरांनी सुई दिली, पाच दिवस वाट बघा म्हणाले. पाच दिवसांनी येऊन त्याच्या पंजाला चिमटा काढला. लुम्पला पत्ताच नाही. "काय ते ठरवा," असं म्हणून गेले.

तिथल्या जुन्या शिकाऱ्यांची एक पद्धत होती. आपला कुत्रा परक्याच्या हाती द्यायचा नाही. शेवटचं आपणच करायचं, आवडीचं काहीतरी खायला घालून, त्याला कळायच्या आत. हेर बॉयर्लेंनी आदल्या दिवशी बागेच्या कोपऱ्यात खड्डा खणला. संध्याकाळी जिना चढून वर आले. आमच्याकडे वर येण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती.

"फ्राउ मोहिटे," म्हणाले, "हे पिल्लू मी कोटाच्या खिशात घालून आणलं होतं. माझा हात थरथरेल. तुमचा नाही थरथरणार."

नाही कसं म्हणणार? हात थरथरला तर जनावराचे हाल होतात, हे मलाही माहीत होतं. हो म्हटलं आणि लगेच रिव्हॉल्व्हर साफ करायला बसले. ते स्वच्छच होतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. नळी, चक्राची सहाही घरं, घोडा... म्हणजे चाप ओढल्यावर जो काडतुसावर आपटतो तो. त्याच्याखालच्या फटीतून टूथब्रश फिरवला, वर चिंधीचं टोक काडीवर गुंडाळून फिरवलं. पांढरं शुभ्र. हे मी शपथेवर सांगेन.

सकाळी दहाला धुकं विरत होतं. हे कामावर गेले होते. हेर बॉयर्लेंनी लुम्पला घोंगडीत गुंडाळून आणलं, झाडाखाली ठेवलं आणि त्याच्यापुढे लेबरवुर्स्टचा, म्हणजे कलेजीच्या सॉसेजचा, मोठा तुकडा टाकला. तो खायला लागला, शेपटी मात्र निपचित. हेर बॉयर्ले पाठ फिरवून उभे राहिले. मी गुडघ्यावर बसले. मनात म्हटलं, बाबा, हात स्थिर ठेवा माझा. आणि चाप ओढला.

चट.

एवढाच आवाज, अगदी बोथट. पुन्हा ओढला. पुन्हा चट.

काडतूस फुटलं नाही तर नळी जमिनीकडे धरून तीस आकडे मोजायचे, हा नियम. कधीकधी उशिरा उडतं. मी मोजत होते आणि माझे गाल ओले झाले होते. बारा... तेरा... लुम्पने सॉसेज संपवलं. सतरा... अठरा... पुढच्या पायांवर ओढत माझ्यापाशी आला आणि माझा बूट चाटायला लागला. तीस झाले. मी चक्र उघडलं. दोन्ही काडतुसांच्या कडेला घोड्याची खूणच नव्हती, ओरखडासुद्धा नाही.

"तुमचं पिस्तूल आणू का?" मी विचारलं.

हेर बॉयर्ले वळले. लुम्पकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाइन, नाही. हत्याराची आज इच्छा नाहीये. आज नको."

आम्ही तिघं स्वयंपाकघरात आलो. मी काडतुसं काढली, घोंगडी पसरली आणि पुन्हा बघितलं. घोडा मागे ओढून फटीत काडी घातली तर काहीतरी अडलं. खालून पांढरी चिंधी सरकवली आणि काडीने कोरलं. चिंधीवर आधी लाल भुकटी पडली.

"रोस्ट!" हेर बॉयर्ले ओरडले. गंज! माझ्या हत्याराला! त्यांना त्या क्षणी लुम्पपेक्षा त्याचाच धक्का जास्त बसला असावा.

मी पुन्हा कोरलं आणि एक दाणा बाहेर पडला.

तांदळाचा. कुंकवात रंगवलेला. अक्षत.

आमच्या घरात त्या वेळी तांदूळ होता तो इटलीचा, जाडा आणि गोल. हा बारीक कोलम, टोकाला जरासा तुटलेला. कुंकवाचा करंडा होता घरात, नाही कशाला म्हणू. पण अक्षता मी जर्मनीत आल्यापासून एकदाही केल्या नव्हत्या. कुठली पूजाच केली नव्हती. खरं तर त्या वर्षी नवरात्र कधी बसलं तेही मला माहीत नव्हतं, कारण मराठी कॅलेंडर कोण पाठवणार?

हे संध्याकाळी आले. दाणा भिंगाखाली धरला, रिव्हॉल्व्हर उलटंपालटं केलं. "तुझ्या एखाद्या साडीच्या निरीत लग्नापासून अडकला असेल," म्हणाले. मी म्हटलं, मी पँटमध्ये होते. "या, या," म्हणजे जर्मनमधलं हो-हो, करत तोंड धुवायला गेले. उत्तर सुचलं नाही की हे जर्मनमध्ये बोलायचे.

हेर बॉयर्लेंनी लुम्पला आणखी एक आठवडा द्यायचं ठरवलं. चौथ्या दिवशी सकाळी खालून माझ्या नावाने जोरात हाक आली. मी अनवाणीच धावले. म्हातारा फरशीवर पालथा पडून कुत्र्याचं शेपूट बघत होता. शेपूट हलत होतं, अगदी टोक, पण हलत होतं! डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. असेल. कुत्रा बरा होण्याचं मला काही नवल नाही, त्याला शास्त्र आहे. महिन्याभरात तो उभा राहिला आणि वसंतात पुन्हा बिळात शिरला. चालताना मागून जरा डुलायचा, बस. खणलेल्या खड्ड्यात आम्ही आलुबुखारचं रोप लावलं.

बागेतल्या त्या सकाळनंतर दहा-बारा दिवसांनी एअर लेटर आलं. साताऱ्याहून, सासूबाईंचं अक्षर, आणि पहिल्यांदाच माझ्या नावाने. ते मला आजही पाठ आहे.

"चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद. आज खंडेनवमी. पूजा आत्ताच आटोपली. विळी, कात्री, तुझ्या मामंजींचा अडकित्ता मांडला. मग मनात आलं, तुझ्या हत्याराची पूजा तिकडे कोण करणार? म्हणून तुझा फोटो मांडला. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. एक दाणा नेमका त्या पिस्तुलावर पडला तो तिथेच चिकटला, झटकला तरी निघेना. म्हणून राहू दिला. पूजेचं हत्यार आज चालवू नये, त्यालाही विसावा लागतो. कुत्रं गोड आहे. त्याला जप."

वर तारीख होती. मी उठून भिंतीवरच्या जर्मन कॅलेंडरपाशी गेले. हेर बॉयर्लेंनी खड्डा खणला त्याच्या दुसऱ्या दिवसावर मीच पेन्सिलने फुली मारून ठेवली होती. तीच तारीख.

मी जिन्यात बसून रडले. लुम्पसाठी, वडिलांसाठी, आणि त्या बाईसाठी, जिला मी तीन वर्षं मनातून खडूस म्हणत होते.

पुढे दोन वर्षांनी साताऱ्याला गेले, तेव्हा तो फोटो देव्हाऱ्याशेजारी उभा होता. रिव्हॉल्व्हरवर, बरोबर घोड्यापाशी, एक बारीक लाल ठिपका होता. दाणा नव्हता.

"आई, इथे अक्षत चिकटली होती ना?"

"होती गं. संध्याकाळी दिवा लावायला गेले तर नव्हती." सासूबाई विळीवर मेथी चिरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मुंगीने नेली असेल."

असेल. माझ्या पर्समध्ये, काड्यापेटीत, कापसावर ठेवलेला तो दाणा होता. दाखवावा असं फार वाटलं, पण दाखवला नाही. त्यांना तो बघायची गरज नव्हती. तो अजून माझ्याकडे आहे, आणि साताऱ्याची मुंगी स्टुटगार्टला कशी पोचली, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.