काकीच्या आवाजातला फोन

दुपारचे सव्वातीन. अंधेरीच्या स्टुडिओत माझी आत्या गुलाबी सोफ्यावर बसलेली आणि मुलुंडला, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत, मी टीव्हीसमोर उकिडवा बसलेलो. कार्यक्रम लाईव्ह. निवेदिकेने गोड हसून विचारलं, "ताई, मालवणी मसाल्याच्या या प्रवासाची सुरुवात कशी झाली?"

आत्या म्हणाली, "झाली."

आणि गप्प.

"म्हणजे, प्रेरणा कुणाची?"

आत्याने निवेदिकेकडे असं बघितलं, जसं रेशनकार्डवरचं नाव चुकलंय. तोंड उघडलं, बंद केलं. मेकअपवालीने तिच्या गालांवर एवढं काय काय थापलं होतं की ओठ सोडले तर चेहऱ्यावरचं काहीच हलत नव्हतं.

वाट लागली होती, आणि ती मी लावली होती. मी नकलाकार. कणकवलीच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून निम्मं शिक्षण वर्गाबाहेर उभं राहून घेतलं, आता मुंबईत वाढदिवस, ऑर्केस्ट्रा, मॉलची ओपनिंगं करतो. राहतो आत्याकडे. तिचा मसाला म्हणजे झकास, पण आमच्या दोन बिल्डिंगच्या पलीकडे कुणाला माहीत नाही. म्हटलं, आत्याला फेमस करू. पेपरांच्या पुरवण्यांना मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. मग एक दिवस चॅनलला फोन लावला, जाड आवाज काढला आणि म्हटलं, "मॅडमचा मॅनेजर बोलतोय, मॅडम जरा मीटिंगमध्ये आहेत." मॅडम तेव्हा मोरीत गोधडी आपटत होत्या. पण तारीख मिळाली.

आणि आता ही गत. स्क्रीनखाली फोन नंबर फिरत होता आणि कुणीही फोन करत नव्हतं. निवेदिका स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तरं देत होती. म्हटलं चला, हे तर आपलं काम.

पहिला फोन मी बोरिवलीचे रिटायर्ड आजोबा म्हणून केला. "अहो, तुमचा मसाला म्हणजे अगदी लहानपण आठवलं हो." आत्या म्हणाली, "धन्यवाद." बस्स. आजोबा फुकट गेले.

पंधरा मिनिटं उरली होती. मला आत्याची एक गोष्ट पक्की माहीत होती. कौतुक केलं की ती मिटते, भांडायला गेलं की फुलते. पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीशी भांडताना तिने जे भाषण केलं होतं ते रेकॉर्ड केलं असतं तर निवडून आली असती. तिला आज भांडण हवं होतं. मी दुसरा मोबाईल उचलला, नंबर लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "टीव्हीचा आवाज कमी करा, तुम्हाला ऑन एअर घेतोय." कुणाचा आवाज काढायचा ते मी ठरवलंच नव्हतं. तोंड उघडलं आणि आपोआप पहिल्या मजल्यावरची काकी आली.

काकी म्हणजे आत्याची जिवाभावाची मैत्रीण. नवरा गेलेला, मुलगा-सून दोघं सकाळी साडेसातला कामावर. तिचा आवाज माझा सगळ्यात भारी आयटम. गणपतीत दरवर्षी करतो, टाळ्या सगळ्यात जास्त तिच्याच.

"गो बाय," मी काकीच्या आवाजात ओरडलो, "तुझ्या मसाल्यात रंग असा, रंग! परवा बांगड्याचा कालवण केलंय, अजून हात धुतंय, लाल जाणा नाय!"

आत्याची मान फिरली. कॅमेऱ्याकडे नाही, आवाजाकडे.

"कालवण केलंस?" ती म्हणाली. "तू? कशार केलंस गो? तुझो झील रेग्युलेटर काढून बॅगेत घालून ऑफिसात नेता! दोनदा गॅस उघडो ठेवलंस म्हणान! वर्ष झाला, दुपारचो डबो माझ्याकडसून जाता, त्यात खय दिसलो नाय तुका रंग?"

मी फोन कापला. टीव्हीवर हे सगळं एक श्वास उशिरा परत ऐकू आलं, तेव्हा मला त्याचा अर्थ लागला.

काकीला विसरायला होतं, मुलगा तिचा गॅस बंद करून जातो, हे मला माहीतच नव्हतं. डबा रोज जाताना बघत होतो. वाटायचं, बायकांची देवाणघेवाण असते.

टीव्हीवर आत्या पेटली होती. मिरची कुठून आणते, किती दिवस उन्हात घालते, मसाला कुटायच्या डंकावर स्वतः कशी उभी राहते, पदर खोचून सांगत होती. निवेदिका डोळे विस्फारून ऐकत होती. मला पाहिजे होतं तसंच सगळं चाललं होतं आणि मी धावत जिना उतरत होतो. कारण काकी हा कार्यक्रम रोज बघते.

पहिल्या मजल्यावर काकीचं दार उघडंच होतं. काकी पलंगावर बसलेली, हातात बटणांचा मोबाईल.

"इलंस? बरा झाला. माझ्या फोनात बघ. आता मी खयचो नंबर लावलंय काय?"

"का गं काकी?"

"टीव्हीर मी बोलाक होतंय रे. माझोच आवाज. बांगड्याचा कालवण केलंय म्हणालंय." ती उठली. ओट्याजवळ गेली, टोप उचलला, नाक लावून वास घेतला. दुसरा उचलला. मग फ्रीज उघडून आत वाकली. "बांगडे मी हाडलंय कधी? माका काय्येक आठवणा नाय."

भाजीचा कप्पाही तिने उपसून बघितला.

आता खरं सांगतो. त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिला विचार हाच आला की मी गप्प बसलो तर हे कधीच कुणाला कळणार नाही. काकीने फोन केला, काकी विसरली. सगळे मानतील. काकी तर मानलीच होती.

"काकी," मी म्हटलं, "तो मी होतो."

"माझ्यार मया करू नको उगाच."

"आईशपथ मी होतो."

"मगे परत बोल. तसाच बोल."

शेकडो लोकांसमोर काढलेला, झोपेतही निघाला असता असा तो आवाज निघेना. पहिल्यांदा नुसता चिरका बाईसारखा आला. काकी डोळे मिटून ऐकत होती, तिने मान हलवली. "ह्यो माझो न्हय." परत केला. "गो बाय, तुझ्या मसाल्यात रंग असा..." ती तशीच मिटल्या डोळ्यांनी बसली. मग डोळे उघडून तिने तो मोबाईल माझ्या खांद्यावर हाणला. "मेल्या! माकडा! माका वाटला, मी गेलंय आता कामातसून!" आणि रडायला लागली. तेवढ्यात त्याच मोबाईलवर तिच्या मुलाचा फोन.

आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. चांगला माणूस, पण घाबरट. त्याला ऑफिसात कुणीतरी क्लिप पाठवली होती. मी फोन स्पीकरवर टाकला.

"आई, तू टीव्हीवर फोन केलास?"

"दादा, फोन मी केला होता," मी म्हटलं. "काकीच्या आवाजात."

"तू मध्ये पडू नको. तिला पाठीशी घालतोयस ते कळतंय मला." त्याचा आवाज फाटत होता. "आई, आता तुला दिवसभर एकटं ठेवायचं मला जमणार नाही. रविवारी मी तुला गावी ताईकडे सोडतो."

काकीने मान जोरजोरात हलवली. ह्या घरात ती लग्न होऊन आलेली. गावी ताईकडे म्हणजे लेकीच्या सासरी, पडवीत खाट.

मी म्हटलं, "दादा, थांब, आई बोलतेय." आणि श्वास घेतला. "झिला, जेवलंस काय रे?"

"जेवलो. आई, तू मला खरं सांग, तू फोन—"

"दादा, हा पण मीच आहे."

पलीकडे कुणीतरी झेरॉक्स काढत असल्याचा आवाज येत राहिला.

"परत करू?"

"नको," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू थांब तिथेच. येऊन बघतो तुला."

आत्या सहाच्या सुमारास रिक्षातून उतरली. अंगावर चॅनलने दिलेली शाल, चेहऱ्यावर मेकअप. पहिल्या मजल्यावरून मान वळवून, ताठ निघून गेली. मी तिला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गाठलं आणि सगळं सांगितलं.

ती पायरीवर बसली. "म्हणजे ती नव्हती?"

"नाही."

"आणि मी गॅसचा..." तिने शालीचं टोक तोंडावर धरलं. पर्समध्ये मोबाईल वाजत होता, थांबत होता, परत वाजत होता. मसाल्याच्या ऑर्डरी. तिने पर्स उघडलीही नाही. उठून खाली गेली. काकीचं दार बंद होतं आणि बंदच राहिलं.

दुसऱ्या दिवशी काकीचा डबा भरलेलाच परत आला. तिसऱ्या दिवशीही. डबा घेऊन गेलो की काकी दार बोटभर उघडायची, मला बघून घ्यायची. एकदा म्हणाली, "तू खोटा बोललंस, ता पुसता येता. ती खरा बोलली. ता खयच्या फडक्यान पुसतलंस?"

आणि बिल्डिंग! बिल्डिंग एकदम प्रेमळ झाली यार. जिन्यात भेटेल ती बाई काकीशी लहान मुलाशी बोलावं तशी हळू आणि मोठ्याने बोलायची. "काकी, ओळखलंत ना मला?" काकी म्हणायची, "ओळखलंय. तुझ्या लग्नात जिलबी आंबट होती." तरी त्या मान तिरकी करून हसायच्याच. ती तिरकी मान काकीला सहन होत नव्हती. दादा तर काही बोलतच नव्हता, आणि रविवार रद्द झालाय की नुसता पुढे गेलाय ते कुणालाच कळत नव्हतं.

मग चॅनलचा फोन आला, मॅनेजरला, म्हणजे मला. क्लिप जोरात चालली होती. त्या भांडणाऱ्या काकी आणि मसालेवाल्या ताई, दोघींना एकत्र बोलवायचं होतं. मी म्हटलं, आता पुरे, सगळं खरं सांगून टाकतो. आत्याही तेच म्हणाली. पण ही बातमी काकीच्या बोटभर दारातून आत गेली आणि दार पहिल्यांदा सताड उघडलं.

"जातंय मी," काकी म्हणाली.

दादा घरीच होता. "आई, तिथे काही विसरलीस तर? सगळ्यांसमोर?"

"तर पाठव माका ताईकडे. पायान चलत जातंय."

दादाने तिच्याकडे बघितलं. "बोललीस हां. मग मी ऐकणार नाही."

"बोललंय."

मुलुंड ते अंधेरी, टॅक्सीत मागे दोघी, मध्ये दादा. पवईला ट्रॅफिकमध्ये मी एक जोक मारला, ड्रायव्हरसुद्धा हसला नाही. स्टुडिओच्या दारात आत्याने माझे दोन्ही मोबाईल काढून घेतले. दादा आणि मी काचेमागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो.

गुलाबी सोफा. दोघींमध्ये एका माणसाएवढी जागा. निवेदिका खुशीत. "काकी, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, मसाल्यात रंग आहे!"

"मस्करी होती ती. रंग नाय."

"नक्की? मग काय आहे हो त्यात एवढं?"

निवेदिकेने आपलं सहज विचारलं होतं. पण आत्याच्या मसाल्याचं प्रमाण कुणालाच माहीत नाही. ती ते मलाही सांगत नाही, डंकावरही सगळं आधीच एकत्र करून नेते. एकत्र करताना शेजारी बसायला मिळतं ते फक्त एका बाईला.

काकी सरळ बसली. हात मांडीवर.

"मिरची किलो," तिने सुरुवात केली. "अर्धी बेडगी, पाव शंकेश्वरी, पाव लवंगी. धणे अर्धो किलो. बडीशेप पाच तोळे. खसखस पाच तोळे."

आत्याची मान वळली.

"लवंग, मिरी, दालचिनी, अडीच अडीच तोळे. दगडफूल तितक्याच. मसाला वेलची दोन तोळे. नागकेशर..."

काकी थांबली.

काचेमागे दादाने माझं मनगट पकडलं. निवेदिका हसत होती, तिला काहीच कळत नव्हतं. आत्याला कळत होतं. आता नुसती एक टाळी वाजवून "पुरे गो बाय" म्हटलं असतं तर सगळे हसले असते, मसाला वाचला असता आणि काकी तिथेच राहिली असती, नागकेशरावर. आत्या हलली नाही. पुढचं नावही तिने पुरवलं नाही. फक्त वाट बघत राहिली, काकीच्या तोंडाकडे बघत.

"नागकेशर दोन तोळे," काकी म्हणाली. "थांब गो, घाई करू नको. चक्रीफूल अडीच. जायपत्री एक. जायफळ एक अख्खा. हळकुंडा पाच तोळे. हिंग." मग ती आत्याकडे वळली, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "आणि तिरफळा मूठभर. आतला बी काढून. ह्या कोण घालीत नाय. ही घालता."

"एकही चुकला नाय," आत्या म्हणाली.

दादाने मनगट सोडलं. चार बोटं उमटली होती. मला म्हणाला, "बरोबर आहे का रे सगळं?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मी पण आत्ताच ऐकतोय. तू, मी आणि अख्खा महाराष्ट्र."

निवेदिका समारोपाचं काहीतरी बोलायला गेली. आत्याने हात वर करून तिला थांबवलं आणि कॅमेऱ्यात बघितलं.

"लिवन घेतलास?" तिने विचारलं. "मगे आता भाजूचा कसा ता ऐका. आच मंद ठेवा. धणे पयले."

"पयली खसखस," काकी म्हणाली.

"धणे गो."

"खसखस! तू दरवर्षी करपवतंस!"

सोफ्यावरच्या त्या मोकळ्या जागेत दोघी सरकल्या आणि भांडायला लागल्या.