डाव्या दाराची काच

खंडेनवमीला आमच्या घरात हत्याराला कोणी हात लावत नाही. बाबांची पान्यांची पेटी, कोयते, पहार, विळी, सगळं धुऊन-पुसून आई देवापुढे मांडते आणि हळदकुंकू वाहते. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यात खंड नाही. गावातल्या गॅरेजवाल्याचंही तेच. त्या दिवशी गाडी बिघडली तर माणसाने गप घरी बसावं.

मला बसवेना. बाबांची जुनी पिकअप मी आईला न सांगता विकली होती. हरिहरेश्वरचा एक माणूस दसऱ्याच्या मुहूर्तावर, म्हणजे दुसऱ्याच दिवशी सकाळी, ती न्यायला येणार होता. त्याची अट एकच: डाव्या दाराची काच अर्ध्यावर अडकली आहे, ती चालू पाहिजे. मला न्हावा शेव्याला नोकरी लागली होती. ही वाडी, नारळ-सुपारीच्या फेऱ्या, आणि खरं सांगायचं तर आईची नजर, सगळ्यातून मला सुटायचं होतं. तिला सांगणं मात्र मी रोज उद्यावर ढकलत होतो.

विळी पूजेला होती, पण चमचा आणि उलथनं नव्हतं, असा वकिली मुद्दा मी काढला. आई मागे झेंडू तोडत होती. चमच्याच्या टोकाने मी दाराच्या आतल्या आवरणाचे स्क्रू फिरवले, उलथन्याने आवरण उचकटलं. आत खाऱ्या हवेने सगळं गंजलेलं. मोटरची वायर सैल असणार, म्हणून चावी फिरवली, बटण दाबलेलंच राहावं म्हणून फटीत आगपेटीची काडी खोचली आणि पत्र्याच्या भोकातून उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! वायर जुळली. मेलेली मोटर घर्रकन फिरली, काच वरखाली करणारा लोखंडी दांडा माझ्या मनगटावर येऊन बसला, आणि तेवढ्यात फ्यूज उडाला.

आता मोटर पुढेही जाईना, मागेही येईना. हात ओढला की पत्र्याची धार कातडीत शिरायची. तो दांडा धरून ठेवणारे चार बोल्ट माझ्या नाकासमोर होते. दहा नंबरचा पाना मिळाला की सुटका, आणि पाना होता देवापुढे. दाराशी उकिडवा बसून मी शिव्या घातल्या, गाडीला, गंजाला, स्वतःला. ऊन मानेवर आलं. बोटं बधिर झाली तेव्हा मला रडू फुटलं, ते काय लपवायचं. शेवटी आईला हाक मारली.

ती परडी घेऊनच धावत आली.

"दहाचा पाना आण, आई."

"आज? देवापुढनं?"

"बोटं कळत नाहीत मला."

ती आत गेली आणि कुंकू लागलेला पाना घेऊन आली. मी डावा हात पुढे केला.

"डाव्या हातानं तुला जमायचं न्हाय," म्हणत ती माझ्याजवळ बसली आणि स्वतःच बोल्टला पाना लावला. बाबा गाडीखाली शिरले की पाने हिच्याच हातून घ्यायचे, कुठे फिरवायचं हे तिला सांगावं लागलं नाही. पहिला सुटला. दुसराही.

"येवढी कसली घाई व्हती? परवा केलं असतंस."

चोराच्या मनात चांदणं. तिसरा बोल्ट गंजला होता, हलेना. तिने पाना तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"सांग की."

उठून जाण्याची सोय नव्हती. एरवी मी काहीतरी थाप मारून अंगणाबाहेर पडलो असतो. त्या दिवशी तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर बसून मला सांगावं लागलं. "विकली गाडी. मला न्हावा शेव्याला नोकरी लागलीय. घेणारा उद्या न्यायला येतोय. काच चालू पाहिजे म्हणाला."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त दोन्ही हातांनी पान्यावर जोर दिला. बोल्ट कुरकुरला, सुटला. मग चौथा. दांडा ढिला पडला आणि माझा हात बाहेर आला. तिने तो आपल्या तळव्यांत धरून रक्त फिरेपर्यंत चोळला. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"जायचं तर जा," ती म्हणाली. "गाडीचं काय घेऊन बसलास. पण ह्या काचेपाशी मी बसते. दोन पावसाळे फटीला पदर लावून बाजाराला आले. दिसत व्हतं ना तुला?"

"दिसत होतं."

"मग?"

मी मनगटावरचा गंज पुसू लागलो.

"मला वाटलेलं," ती म्हणाली, "ती दुरुस्तच होत न्हाय." आणि परडी उचलून उरलेले झेंडू तोडायला गेली.