देवाची बकरी आणि आमचं छप्पर

तुमच्या दारात कधी कोणी बकरी आणून बांधली आहे का, आणि "ही देवाले देल्ली, आता तुम्ही सांभाळा" असं सांगून निघून गेलं आहे का?

नसेल, तर तुमचं लग्न पाळकाशी झालेलं नाही!

माझं झालं. मलकापुरात आमची मंडळी आहे. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. सुरुवातीला ती इतकी थोडी होती की रविवारी कोणी दिसलं नाही तर दुपारी त्याच्या घरी जाऊन ताप आहे का बघून यायचो. आता बसायला जागा पुरत नाही, लोक दाराबाहेर चपलांशेजारी बसतात. बाहेरचे म्हणतात, "वा! मंडळी वाढली, आता पैशाचं काय टेन्शन!" अहो, मंडळी वाढली की चपला वाढतात, चहा वाढतो, लाईटबिल वाढतं. पैसे आहेत तिथेच असतात. आणि किस्से एवढे साठतात, की ते दानाच्या पिशवीत टाकता आले असते तर आमचं छप्पर कधीच झालं असतं!

छपराचं आधी सांगायला हवं. आम्ही भक्तीला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जमायचो ते एका शेठच्या जुन्या कापसाच्या गोडाऊनमध्ये, भाड्याने. मग गावाच्या कडेला मंडळीने जागेचा एक तुकडा घेतला. मागे दोन खोल्या बांधल्या, तिथे आम्ही राहायला गेलो. पुढे चर्चच्या भिंती उभ्या राहिल्या. भिंतींवर मात्र आकाश! पैसा तिथेच संपला. आणि यंदा शेठने सांगितलं, "नाताळाआधी गोडाऊन रिकामं करा, मला कापसाच्या गाठी ठेवायच्या आहेत." म्हणजे नाताळाची भक्ती एकतर पत्र्यांखाली, नाहीतर दवात!

* * *

गोडाऊनमधला कापूस जाऊन किती वर्षं झाली होती, पण पंखा लावला की छपराच्या कैच्यांवरून अजून रुई झडायची.

एकदा आमच्यातल्या एका मुलाला बघायला भुसावळकडून मुलीचे वडील आले. म्हणाले, आधी भक्तीला बसू, मग बोलू. उकडत होतं. कोणीतरी पंखा पाचवर केला.

भक्ती संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाले, "बाई, मुलगा स्वभावाने चांगला दिसतो. पण तुम्ही लोकांनी वय लपवलं का हो? डोकं पार पांढरं आहे!"

मी पर्समधला छोटा आरसा काढला आणि त्यांच्या हातात दिला.

लग्न झालं!

* * *

आमचे साहेब जालन्याकडचे. मंडळी त्यांना साहेब म्हणते, म्हणून मलाही तीच सवय लागली. मरणावर बोलतील, नरकावर बोलतील. सासूसुनेच्या भांडणावर तर असं बोलतील की दोघी रडत घरी जातील. पण पैसे मागायचे म्हटलं की त्यांचा घसा बसतो. "बिल्डिंग फंडासाठी आपण सर्वांनी..." एवढं म्हणतात, खोकतात, पाणी पितात आणि म्हणतात, "...आता एक गीत गाऊ या."

मंडळीचा कारभार बघायला पंच असतात. त्यातले मोठे शांतवनमामा. मामांचा जन्म गुरांच्या बाजारात दलाली करण्यात गेला. त्यांना हे बघवेना. एका शनिवारी घरी येऊन म्हणाले, "साहेब, मी उद्या पुढंच बसतो. तुमचा उपदेश रंगात आला का मी कान धरीन. मी कान धरला का तुम्ही पैशाचं काढा. लोकाईचं मन तवाच मऊ राहते."

साहेब "बरं" म्हणाले.

रविवारी उपदेश छान रंगला. मामांनी कान धरला. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मामांनी कान ओढला. साहेबांनी दुसऱ्या खिडकीकडे पाहिलं. शेवटी मामा दोन्ही कान धरून बसले! तेव्हा साहेब थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले, "आपल्या शांतवनमामांचे कान फार दुखताहेत असं दिसतं. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू या."

सगळी मंडळी उभी राहिली!

बाहेर पडताना मामा म्हणाले, "कान बरे आहेत माहे! खिसा दुखून राह्यला मंडळीचा, त्याच्यासाठी करा प्रार्थना!"

संध्याकाळी त्यांच्या घरी बायका लसणाचं तेल गरम करून घेऊन गेल्या. ते त्यांना घालून घ्यावं लागलं.

* * *

आमच्याकडे दानासाठी लाल मखमली पिशवी फिरते. मूठ बंद करून आत घालायची आणि आतच उघडायची. कोणी किती टाकलं ते शेजाऱ्यालाही दिसू नये, अशी पद्धत.

मंडळीत कौसाबाई म्हणून एक आहे. एकटीच राहते. कोणाचं तरी वावर बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, करते, मिरची-वांगी लावते आणि बाजारात विकते. तिचा नियम असा, की हातात पैसा असला तर पैसा टाकायचा, नसला तर जे असेल ते. एका रविवारी तिने मूठभर वाळल्या मिरच्या टाकल्या!

पिशवी पुढे सरकली. आत हात जाता जाता मिरच्यांचा चुरा झाला. पुढे कोणी डोळे चोळले, कोणी नाक. आणि तेवढ्यात नागपूरहून आलेले पाहुणे उपदेशक बोलायला उभे राहिले. त्यांचं पहिलंच वाक्य झालं आणि समोरच्या तीन रांगा ढसाढसा रडायला लागल्या!

ते बिचारे गहिवरून गेले. अर्ध्या तासाचा उपदेश जेवण थंड होईपर्यंत चालला. जेवताना म्हणाले, "पुष्कळ मंडळ्या फिरलो, पण मलकापूरची मंडळी फारच हळवी आहे!"

कौसाबाई वाढत होती. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "हाव साहेब. यंदा मिरची लय तेज आहे."

* * *

आता ती बकरी.

सुगी झाली की आमच्याकडे हंगामाचा सण असतो. ज्याने त्याने आपल्या शेतातलं, घरातलं काहीतरी आणायचं, देवाचे आभार मानायचे आणि मग अंगणात त्या वस्तूंचा लिलाव. लिलाव अर्थात शांतवनमामांचा! वांगं जरी हातात घेतलं तरी असं धरतात जणू बैल उभा केलाय. "पुढं या, हात फिरवून पाहा! लात मारत नाही!"

यंदा कौसाबाईने तिची एकुलती एक बकरी आणली. मी म्हटलं, "अगं, दूध कुठून पिशील?"

"काळा चहा पिईन. चांगला राहते म्हणे तब्येतीले."

बकरी एका गुरुजींनी घेतली. पैसे दिले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो! म्हणाले, "माझ्याकडून देवाला परत." मामांनी पुन्हा लिलाव पुकारला. दवाखान्यातल्या एका सिस्टरने घेतली. तिची नाईट ड्यूटी, तिनेही देवाला परत दिली. मग एका एसटी ड्रायव्हरने घेतली. त्याच्या बायकोने तिथल्या तिथे त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानेही देवालाच दिली! शेवटी दावं माझ्या हातात आलं.

मामा टोपी सावरत म्हणाले, "आपल्या पंचाईपेक्षा जास्त दान तं या बकरीनं देल्लं! हिलेच पंच करा!"

पण बकरीला आमचं घर मानवलं नाही. मी तिला ताडपत्रीचा आडोसा केला, खाली पोतं टाकलं. ती आत पाय ठेवीना. चार-दोन दिवसांनी दावं तोडायची आणि थेट कौसाबाईच्या घरामागे, तिच्या जुन्या गोठ्यात, पत्र्यांखाली जाऊन बसायची. कौसाबाई तिला कानाला धरून परत आणायची. रस्ताभर रागवायची, "तुले देवाले देल्ली ना बे! इकडं काऊन येऊन राह्यली?"

आणि जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवून जायची.

* * *

दिवाळी झाली. भिंतींवर अजून आकाशच. मीच साहेबांना शेठकडे पाठवलं. घोकून घेतलं त्यांच्याकडून, "नुसतं एवढंच म्हणा, नाताळापर्यंत राहू द्या, नवीन वर्षाला रिकामं करतो."

साहेब खूप वेळाने परत आले. चेहरा प्रसन्न! मामा आमच्याकडेच वाट बघत बसले होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"शेठचा गुडघा फार दुखतो गं."

"आणि मुदत?"

"त्यांची खरंच अडचण आहे. गाठी उघड्यावर पडल्यात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, पाहिजे तर आठ दिवस आधीच रिकामं करतो."

मामांनी टोपी काढून तोंडावर ठेवली. टोपीतूनच बोलले, "साहेब, तुम्ही माहा बैल विकाले गेले असते, तं बैल देऊन, घुंगरू देऊन, वरतून गाडीभाडं देऊन आले असते!"

* * *

मग मामांनीच तोड काढली.

"हे पाहा साहेब. तुम्हाले मागता येत नाही. लोकाईले चारचौघात आकडा सांगाची लाज वाटते. ज्याच्यापाशी कमी आहे त्याले वाटते, ज्याच्यापाशी जास्त आहे त्याले बी वाटते. आम्ही बाजारात बैलाचा सौदा कसा करतो? तोंड बंद. हातावर रुमाल, रुमालाखाली बोटं. तिसऱ्याले काही समजत नाही."

ठरलं. रविवारी भक्तीनंतर साहेब दाराशी खुर्चीवर बसले. उजव्या हातावर मामांचा मोठा, बाजारातला रुमाल. प्रत्येकाने रुमालाखाली हात घालायचा आणि साहेबांची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक पत्रा. जेवढी बोटं धराल तेवढे पत्रे तुमच्याकडून. साहेबांनी मनात बेरीज करत जायचं. एका शब्दानं बोलायचं नाही!

लोकांना गंमत वाटली. रांग लागली. एकेक जण हात घाले, गंभीर चेहरा करून बाहेर पडे. साहेबही गंभीर. मला वाटलं, आता झालं आपलं छप्पर!

सगळ्यात शेवटी कौसाबाई आली. पदराला हात पुसले, रुमालाखाली घातला. बराच वेळ झाला तरी हात बाहेर येईना. रुमाल हलत होता, जणू आत कोंबडी आहे! साहेबांच्या कपाळावर घाम.

शेवटी साहेबच हळू आवाजात म्हणाले, "कौसाबाई, तुमची एक करंगळी पुरे."

"करंगळी?" कौसाबाईचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "मी अख्खा पंजा धरला, तं तुम्ही एकेक बोट सोडवून राह्यले! बकरी देल्ली तवा तं काही म्हटलं नाही! देव घेते, तुम्हीच काऊन वापस करता? देवानं मले पाच बोटं कायले देल्ली मग?"

मग मागून गुरुजी म्हणाले, "माझीही दोन बोटं सोडवली साहेबांनी. मला वाटलं, तशीच पद्धत असेल."

"माझी पण सोडवली," सिस्टर म्हणाली.

"माही तीन!" ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या बायकोने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

म्हणजे आमच्या साहेबांनी काय केलं होतं, तर समोरचा माणूस आला की त्याच्या मुलाची फी आठवायची, त्याच्या बायकोचं ऑपरेशन आठवायचं, आणि बोट सोडवून घ्यायचं!

मामा खाली पायरीवर बसले. "जनम गेला माहा बाजारात," ते म्हणाले. "घेणारा भाव पाडते, हे लय पाह्यलं. विकणाराच भाव पाडून राह्यला, हे आज पाह्यलं!"

सगळी मंडळी हसली. साहेबही हसले. कौसाबाई मात्र हसली नाही. रुमाल उचलला, नीट घडी घातली, साहेबांच्या मांडीवर ठेवला आणि चालू लागली. मी मागून हाक मारली. तिने वळूनही पाहिलं नाही.

मामांनी साहेबांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. "चला, सौदा पुन्हा! आता माह्या बोटाईशी गाठ आहे!"

रांग पुन्हा लागली. या वेळी कोणाचं बोट सुटलं नाही. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत चाललं. शेवटी मामांनी डोळे मिटून बेरीज केली, मिस्त्रीने सांगितलेला आकडा आठवला आणि म्हणाले, "पाच पत्रे कमी पडतात."

ज्याला जेवढं जमत होतं तेवढं त्याने धरलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"राहू द्या," मामा म्हणाले. "तेवढ्यातून देव पाहीन खाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी दार उघडलं, तर नव्या चर्चच्या भिंतीला पाच जुने पत्रे टेकवून ठेवलेले होते, आणि आमची बकरी दावं तोडून त्यांच्याखाली जाऊन बसली होती.