चष्म्याच्या घरातल्या गोळ्या

आमच्या सत्संगात मी हा अनुभव तीन-चार वेळा सांगितला आहे आणि प्रत्येक वेळी त्यातली एक गोष्ट गाळली आहे. ऐकणाऱ्यांनी हात जोडले, डोळे पुसले. मला मात्र त्या दिवशी घरी जेवण जायचं नाही. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो. गाळलेलं लिहून ठेवतो.

माझ्या पत्नीचं हृदय अशक्त झालं होतं. अंगात पाणी साठू नये म्हणून तिला सकाळी आणि दुपारी लघवीची गोळी असे. आठवड्याच्या कप्प्यांची डबी सूनबाई दर रविवारी न चुकता भरायची. त्या वर्षी आम्ही दोघंच सप्तशृंगी गडावर चार दिवस मुक्कामाला गेलो. एसटीत तिची अडचण होणार, धर्मशाळेतला संडास पायऱ्या उतरून लांब. म्हणून मीच म्हणालो, "चार दिवस ही गोळी राहू दे. देवीच्या दारात चाललोय, ती बघेल." ती पिशवी भरत राहिली. सूनबाईला कळलं तर ती रागावेल म्हणून त्या आठ गोळ्या मी डबीतून काढल्या आणि चष्म्याच्या घरात टाकल्या. देवीवर भार टाकला असं मला तेव्हा वाटलं होतं. खरं तर मी माझी सोय पाहिली होती.

परतल्यावर दुसऱ्याच सकाळी तिला श्वास घेता येईना, आडवं होता येईना. पाय सुजलेले मी गडावरच पाहिले होते. आयसीयूत बीपी इतकं खाली गेलं की ते टिकवायचं औषध पंपातून सतत सोडावं लागलं. तोंडावर ऑक्सिजनचा घट्ट मास्क होता. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, गोळ्या चुकल्या होत्या का. मी म्हणालो, "डबीत होत्या तेवढ्या सगळ्या घेतल्या."

मुलगा सूनबाईकडे वळला. "डबी तूच भरली होतीस ना?"

"भरली होती," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'च्या आड मी लपलो. डॉक्टर मुलाला समजावू लागले की गोळ्या चालू असूनही असं झालं असेल, तर हृदयाला नवीन काही झालंय का ते पाहावं लागेल. अँजिओग्राफी करावी लागेल, पण या अवस्थेत ती किडनीला झेपेल याची खात्री नाही. सही करायला मुलगा आत गेला. मी बाकावर बसून देवीचं नाव घेऊ लागलो, पण ते तोंडातच विरघळत होतं. तिच्या नावावर केलेलं पाप तिलाच कसं सांगायचं?

शेजारी पेठ तालुक्यातल्या खेड्यातली एक बाई बसली होती. तिचा नवरा आत होता. पिशवीतून तिने गोळ्यांची अर्धवट पाकिटं काढली आणि माझ्यापुढे धरली. "बाबा, वाचून सांगा. भातलावणीच्या दिसांत यातली कोणची तरी राहिली त्याची. डॉक्टरला सांगायचं हाय."

मी म्हणालो, "रागावतील तुम्हाला."

"रागवू द्या. खोटं सांगितलं तर ते औषध कशावर देतील?"

मी चष्मा काढायला घर उघडलं आणि गोळ्या फरशीवर सांडल्या. ती वाकली, एकेक वेचून तिने माझ्या ओंजळीत ठेवल्या. "तुमच्या पडल्या," एवढंच म्हणाली. मी तिची पाकिटं वाचून दिली आणि तीच ओंजळ घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

ते रागावले नाहीत. अँजिओग्राफी थांबवली. बीपीला आधार चालू ठेवून पाणी उतरवायचं औषध शिरेतून सुरू केलं. संध्याकाळपर्यंत लघवीची पिशवी भरू लागली. बारा दिवसांनी ती घरी आली. त्या बाईला मी नंतर खूप शोधलं, तिच्या नवऱ्याचं काय झालं तेही मला कळलं नाही.

पण मुलाला डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की गोळ्या राहिल्या होत्या. कशा, ते मी सांगू दिलं नाही. घरात सगळे धरून चालले की डबी अपुरी भरली गेली. सूनबाईने सासूच्या पायावर डोकं ठेवलं आणि पुन्हा कधी त्या डबीला हात लावला नाही. पत्नीला सगळं माहीत होतं. ती एकदाच म्हणाली, "अहो, तिला सांगा. मी सांगणार नाही, ते तुमचं आहे." त्यानंतर ती दोन वर्षं जगली. मी उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिलो, आणि ती गेली.

परवा मी सूनबाईसमोर बसून सगळं सांगितलं. ती बराच वेळ हातातली मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "दोन वर्षं मी आईंच्या डोळ्यांत नीट पाहिलं नाही, बाबा."

हे मी तिला आता कुठून परत देणार? देवीने मला त्या बाकावर एक संधी दिली होती, ती मी अर्धीच घेतली. तरी दिली, याबद्दल तिचे उपकार मानतो. शरण जाणं म्हणजे आपलं ओझं देवावर टाकणं, असं मी आयुष्यभर समजत होतो. आपण केलेलं आपल्याच ओंजळीत धरून तिच्यापुढे उभं राहायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

सूनबाई दोन दिवस बोलली नाही. माझ्याही बीपीच्या गोळ्यांसाठी हल्ली एक डबी आहे, ती मीच भरतो. आज सकाळी मी ती भरत बसलो असताना सूनबाईने हात पुढे केला.

"द्या इकडे."

मी दिली.