अंधाराचं शूटिंग

माझे सासरे अण्णा कुठल्याही लग्नाच्या आधी दोन दिवस अंधाराचं शूटिंग करत. कॅमेऱ्यात नवी कॅसेट घालायची, भिंगाचं झाकण तसंच ठेवायचं, कॅमेरा फ्रिजवर ठेवून बटण दाबायचं आणि शेजारी खुर्ची टाकून बसायचं. कॅसेट संपेपर्यंत काळं चित्र रेकॉर्ड होत राही. मग दुसरी कॅसेट. मी आईबरोबर मुलगी बघायला म्हणून पहिल्यांदा जयनगरच्या त्या घरात गेलो, तेव्हाही कॅमेरा फ्रिजवर चालूच होता. झाकण मला दिसलं नाही. आपलंच शूटिंग चाललंय असं समजून मी शेवटपर्यंत पोट आत घेऊन बसलो.

अण्णांचं म्हणणं असं, की कॅसेटच्या पोटात एक घड्याळ असतं. शूटिंग करताना मध्ये कोरी जागा राहिली, की ते पुन्हा शून्यापासून सुरू होतं. "मग कॉम्प्युटरला मुहूर्त कुठला आणि पंगत कुठली, कसं कळणार जावईबापू? आधी अंधार भरून घ्यायचा. घड्याळ सलग चालतं. मग त्याच्यावर आरामात लग्न चढवायचं." हे ते इतक्या गंभीरपणे सांगत, की मला आमचं लग्नही कुठल्यातरी अंधारावर चढवलेलं वाटू लागे.

त्यांचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या होतं, की मूळ गाव कुठलं यावर घरात वाद होत. लग्नाचं शूटिंग करायचं आणि दुकानामागच्या खोलीत ते कॉम्प्युटरवर जुळवायचं, हा त्यांचा धंदा. कॅसेटवर ते कधी चिठ्ठी चिकटवत नसत. "गोंद मशीनमध्ये जातो." नंबर फक्त डबीवर. बाकी सगळं डोक्यात. डोक्यावर त्यांचा फार विश्वास होता.

आमच्या लग्नाची फिल्म मात्र काही केल्या पूर्ण होईना. अण्णांच्या कॉम्प्युटरमध्ये एका वेळी एकच लग्न मावे, आणि पहिला मान गिऱ्हाइकाचा. दर वेळी नवं लग्न आलं, की आमचं पुसलं जाई. "पुसलं म्हणजे चित्रं पुसली. प्रोजेक्ट आहे," असं म्हणून ते शर्टाच्या खिशातली फ्लॉपी दाखवत. कुठल्या कॅसेटच्या कुठल्या मिनिटाचा तुकडा कुठे लावायचा, कुठे पाकळ्या पाडायच्या, कुठे अक्षरं आणायची, एवढीच आठवण त्या फ्लॉपीत होती. दुसऱ्या कॉम्प्युटरला ही फ्लॉपी आणि कॅसेटी दिल्या, की तो स्वतःच चित्रं उतरवून घेऊन फिल्म पुन्हा उभी करतो, असा त्यांचा दावा होता.

दुसरा कॉम्प्युटर माझ्याकडे होता. एचएसआर लेआउटमध्ये तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त. तिथल्या आमच्या भाड्याच्या घरी माझी आई पुण्याहून आली होती. निवृत्तीनंतर आमच्याकडे राहायला यायचं की नाही, हे ती या खेपेला ठरवणार होती. बायकोला, म्हणजे वीणाला, आणि मला ती यायला हवी होती. अडचण एवढीच, की आई आणि माझ्या सासूबाई अक्का यांच्यात सगळं अतिशय गोड चाललं होतं. दोघी एकमेकींना इतका मान देत, की ताटातला शेवटचा लाडू तसाच वाळून जाई. हा ताण आपल्यामुळेच आहे, असं मला सारखं वाटे. मला बहुतेक गोष्टींबद्दल तसंच वाटतं.

शनिवारी सकाळी अण्णा आणि अक्का रिक्षातून फ्लॉपी, कॅमेरा आणि कॅसेटी घेऊन आले. कॉम्प्युटर एकेक कॅसेट नंबराने मागत गेला आणि अण्णा डबी उघडून देत गेले. "आता आपण जेवायचं. तो बघून घेतो." मी म्हटलं, एकदा नजर टाकू या का? "जावईबापू, स्वल्प विश्वास ठेवा." स्वल्प म्हणजे थोडा; त्यांच्या घरच्या मराठीत असं कानडी मिसळलेलं असे.

जेवण झाल्यावर सगळे टीव्हीसमोर बसलो. गणेशपूजन छान आलं. सनई वाजली. अंतरपाट धरायची वेळ आली आणि टीव्ही काळा झाला. अंधारातून अक्कांचा आवाज आला.

"पोरगा बरा आहे हो. बोलायच्या आधी माफी मागतो, तेवढंच. आईच स्वल्प..."

"काय स्वल्प?" हा अण्णांचा आवाज.

"स्वल्प जास्ती. चहा पिऊन म्हणतात, वेगळाच आहे हं. वेगळाच म्हणजे? गटारातलं पाणी दिलं काय मी त्यांना?"

"हळू बोल."

"घरात कोण आहे ऐकायला?"

इथे अंधारावर गुलाबाच्या पाकळ्या पडू लागल्या आणि सोनेरी अक्षरं उमटली: शुभमंगल सावधान.

खरी तिसरी कॅसेट जयनगरला मशीनमध्येच राहिली होती. तिसऱ्या डबीत होती ती नुसता अंधार भरलेली, न वापरलेली. घड्याळ दोन्हींवर सारखंच, त्यामुळे कॉम्प्युटरला काहीच संशय आला नव्हता. झाकणाने चित्र अडलं होतं, आवाज अडला नव्हता.

पुढच्या तुकड्यात चित्र परत आलं, तर त्यात आई कॅमेऱ्याकडे बघून सांगत होती, "विहीणबाई म्हणजे अगदी घरच्यासारख्या."

अण्णा हळूच म्हणाले, "आवाज मात्र स्वच्छ आलाय."

अक्का उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, वीणाने माझा हात दाबला. आई म्हणाली, "ती कॅसेट पहिल्यापासून लावा."

"विहीणबाई, तिच्यात नुसता अंधार आहे."

"अंधारच लावा."

आम्ही अंधार बघत बसलो. कुकरची शिटी झाली, कोणीतरी 'सोप्पू, सोप्पू' ओरडत पालेभाजी विकत गेला. मग अक्का म्हणाल्या, "त्यांच्यापुढे तोंड उघडायची भीती वाटते मला. त्यांचं मराठी पुस्तकातलं, आपलं गल्लीतलं. पोरीला हसतील." अण्णांचं उत्तरही आलं: "आधी ढवळ, खाली लागतंय."

आई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. दाराआडून आम्हाला ऐकू आलं.

"मीसुद्धा तुमच्या घरून गेल्यावर आठवडाभर बोलत होते. आमच्याकडे कॅमेरा नव्हता, एवढंच."

भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अक्का, "काय बोललात?"

आई जणू या प्रश्नाचीच वाट बघत होती. तिने अक्कांच्या सारूपासून, म्हणजे आपल्या सारापासून, सुरुवात केली आणि बस्त्यापर्यंत आली. अक्का तिला मध्येमध्ये तोडत होत्या. अण्णा रिक्षाने जयनगरला जाऊन खरी कॅसेट घेऊन आले, फिल्म पूर्ण झाली, तरी दोघींचं संपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईला सोडायला सगळे स्टेशनवर गेलो. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "मी माफी तयार केली आहे. सुरुवात कशी करायची? तुम्हाला सवय आहे." मी त्यांना सांगितलं, आधी खाली बघायचं. पण अण्णांना संधीच मिळेना. खिडकीच्या आत आई, बाहेर अक्का.

"सारू फार आंबट करता तुम्ही," गाडी हलताना आई म्हणाली. "कायमची आले की शिकवते."

"सरी, चालेल, या," अक्का गाडीबरोबर चालत म्हणाल्या. "मग मी तुम्हाला भात शिकवते. चिखल करता नुसता."

वीणाने माझ्याकडे बघितलं. परतताना अक्का आणि वीणा एका रिक्षात बसल्या, अण्णा आणि मी दुसरीत. "माझी माफी राहिलीच," अण्णा म्हणाले. मी म्हटलं, मला म्हणून दाखवा. त्यांनी आधी खाली बघितलं आणि मग सुरुवात केली. "चूक कॅसेटची नाही, कॉम्प्युटरचीही नाही. जिचं बोलणं आयुष्यभर मी अर्ध्या कानाने ऐकलं, तिचं तुम्ही पूर्ण ऐकलंत. राग आला असेल तर माझ्यावर धरा. मी तेव्हाच नीट ऐकलं असतं, तर तिला ते भिंतीला सांगावं लागलं नसतं."

मी पुष्कळ माफ्या मागितल्या आहेत. एवढी चांगली मला कधी जमली नाही. अण्णा गेले त्या वर्षी, एका दुपारी, मी ती अक्कांना म्हणून दाखवली, जशी आठवली तशी. आई शेजारीच मटार सोलत होती.

अक्का ऐकून घेऊन म्हणाल्या, "इतकं चांगलं बोलता येत होतं त्यांना? आणि ते तुम्हाला सांगितलं?"

मी माफी मागितली.