हवा नको, शेक हवा

२०२३ साल, आणि मी एकाहत्तर वर्षांचा. जर्सी सिटीत माझं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्या नोव्हेंबरात छताला टांगलेला गरम हवेचा जुना ब्लोअर एकदाचा मेला. मेला ते बरंच झालं. गॅस बकासुरासारखा खायचा आणि ऊब सगळी छताला. खाली पाना धरला की बोटं पान्यालाच चिकटायची.

आदल्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला होता. तेवढं निमित्त मुलीला पुरलं. ती इथेच जन्मली, इमारती गरम-थंड ठेवण्याचं काम करणाऱ्या ऑफिसात इंजिनीअर आहे, आणि हट्ट माझाच घेतलाय. तिनं जाहीर केलं, गॅरेज नीट तापणार नसेल तर मार्चपर्यंत कुलूप.

"माझ्या वयाच्या माणसानं एकदा कुलूप लावलं की ते पुन्हा निघत नाही," मी म्हणालो.

"दॅट्स नॉट अ प्लॅन, बाबा."

तिनंच एक विक्रेता आणला. शहाणा माणूस. हीट पंप घ्या म्हणाला, विजेवर चालतो, बाहेरच्या थंडीतूनही ऊब ओढून आत टाकतो, बिल बरंच उतरेल. मी सातवी शिकलोय, पण ऐकून घेता येतं मला. त्याचं काही चुकत नव्हतं. मग उठता उठता त्यानं अट सांगितली. शटर दिवसभर बंद ठेवायचं.

इथे माझं डोकं फिरलं. शटर बंद ठेवून मी आजवर धंदा केलेला नाही. इचलकरंजीत केला नाही, इथे बर्फातही केला नाही. बंद शटर म्हणजे एक तर मालक गेला, नाही तर मालकाच्या घरातलं कुणी गेलं.

"इथे सगळेच बंद ठेवतात," मुलगी म्हणाली. "कस्टमर साइडच्या दाराने येतात."

"साइडच्या दाराने चोर येतात."

"एक आठवडा करून बघ. मग बोल."

बघितलं. विजेच्या दोन शेगड्या लावून, शटर खाली ओढून बसलो, मांजरानं पोत्यात बसावं तसा. पोस्टमन बाजूच्या दाराने आला. इथली गोरी-काळी गिऱ्हाइकं आली, कुणाला काही अडलं नाही. अडली ती आपली माणसं. नागपूरचा एक सॉफ्टवेअरवाला दारात गाडी लावून गाडीतूनच फोन करत बसला.

"काका, आज बंद आहे का?"

"मी आत आहे. बाजूच्या दाराने ये."

"नाही, शटर डाऊन दिसलं ना यार... सॉरी, काका. घरी सगळं ओके ना?"

पुण्याच्या एका बाईंनी तर थेट आमच्या घरी फोन लावून दबक्या आवाजात चौकशी केली. "त्यांना काय धाड भरलीय," बायकोनं उत्तर दिलं. आणखी एक जण शटर बघून सरळ पुढच्या गॅरेजला गेला. मुलगी पोट धरून हसली. मी शटर वर केलं.

"ठीक आहे, मग अर्धं ठेव," ती म्हणाली.

"अर्धं शटर म्हणजे बंदच्या दिवशी चोरून धंदा करणारा."

"मग तुला हवंय तरी काय?"

"मला हवा नको, शेक हवा."

"हवा नको, हवा? बाबा, पिक वन."

"अगं, शेक. लहानपणी तुझा कान ठणकायचा तेव्हा आई तव्यावर फडकं गरम करून काय लावायची?"

नकळत हात कानाकडे गेला तिचा. तिथूनच तिनं विक्रेत्याला फोन लावला आणि विचारलं, हवा न तापवता थेट माणसाला आणि फरशीला शेकणारं काही आहे का.

होतं. छताखाली लांबच लांब नळी, तिच्या आत गॅसची ज्योत, आणि खाली उन्हासारखा ताप. शटर उघडलं की हवा निघून जाते, तापलेली फरशी कुठे जात नाही. विक्रेत्यानं खरं ते सांगितलं: हीट पंपाइतकी काटकसर यात नाही, पण उघड्या दाराला हेच बरं. मुलीनं हिशोब मांडून बघितला. जुन्या ब्लोअरपेक्षा गॅस पुष्कळ कमी लागणार होता. कुलपाचा विषय तिनं सोडला, पण बोट नाचवून म्हणाली, "शटर अर्धंच. प्रॉमिस?"

"बघू."

"बघू इज नॉट येस."

"बघू म्हणजे बघू."

डिसेंबरात नळी बसली. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी फरशीवर हात ठेवला. भाकऱ्या झाल्यावर चुलीचा कठडा असतो तशी लागली. म्हटलं, आता ओढा कुणाला शटर ओढायचंय ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर बर्फ भुरभुरत होतं. मी शटर पार वरपर्यंत नेलं, स्वेटर काढून खिळ्याला अडकवला, आणि तिचा फोन यायच्या आत मीच तिला लावला.

"पुरं उघडलंय," म्हणालो. "बघायचं असेल तर ये."