नाताळातला तान्हा पोळा

पंचफुलाबाईने एकदा काही मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ते बाहेर काढू शकत नसे. ही गोष्ट नागपूरच्या सगळ्या पाचपावली वस्तीला ठाऊक होती, आणि तिचा नवरा बळीराम सुतार याला तर लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी कळली होती. दोघांचा धंदा एकच, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. तो घडवायचा, ती रंगवायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातली झाडून सगळी पोरं चाकांवरचा बैल दोरीने ओढत दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. त्या एका दिवसासाठी ही दोघं उन्हाळाभर राबायची. पण तो दिवस गेला की लाकडी बैलाला कुत्रंही विचारत नाही. मग बळीराम ओट्यावर बसून विड्या ओढायचा आणि पटाशी, रंधा धूळ खात पडायचे.

एकोणऐंशी साली मात्र तो वैतागला. गोंदियाला त्याच्या भावाची आरागिरणी होती. तिथं ओंडके मोजायला माणूस हवा होता. बारमाही काम, पण भावाच्या दोन खोल्यांत आधीच आठ डोकी, म्हणजे बायकोने राहायचं पाचपावलीत आणि याने राहायचं गिरणीत. अहो, पन्नाशी उलटल्यावर हा काय वनवास! पंचफुलाबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती इतकं की शेजारची गोपिका कामं सोडून भिंतीला कान लावून उभी राहिली.

तेवढ्यात दिवाळीनंतर सुहासिनीबाई साळवे दारात उभ्या. सेमिनरी हिल्सच्या उतारावर मुलांची बाग होती, तिच्या फाटकासमोर साळव्यांचं घर. दर डिसेंबरात त्यांच्या पुढच्या खोलीत नाताळचं दुकान लागायचं. सुना कागदाच्या चांदण्या चिकटवायच्या, पोस्टातून रिटायर झालेले मधुकरराव तारा वाकवायचे आणि सुहासिनीबाई सगळ्यांवर ओरडायच्या. येशूबाळाच्या गव्हाणीचा देखावा त्यांच्याकडे मातीचा मिळे. पण मातीच्या बैलांची शिंगं दरसाल मोडत, म्हणून यंदा त्यांना लाकडी हवे होते. गव्हाणीतले बैल, वीतभर, दोन डझन. सांगून त्या रिक्षात बसून गेल्याही.

बळीरामने बजावलं, की हे बैल खपले तर ठीक, परत आले तर आपण गोंदियाले चाललो. आणि नुसतं बजावून थांबला नाही. माळ्यावरची ट्रंक काढून तिच्यात दोन सदरे, एक घोंगडी भरली. ट्रंकेची कडी कधीचीच मोडली होती, म्हणून वरून सुतळीचे चांगले सात-आठ वेढे दिले. पंचफुलाबाईने ते वेढे मोजले. पण ती काय हार मानणारी होय? तिने ठरवलं, असे बैल करायचे की साळवेबाईंनी तोंडात बोट घालावं.

आणि केले हो! पांढरेशुभ्र अंग, लाल शिंगं, पाठीवर हिरवी झूल, कपाळाला बेगड, गळ्यात मण्यांची माळ. एकेक बैल नवरदेव दिसत होता.

रविवारी दुपारी ती टोपली डोक्यावर घेऊन बसने निघाली. टेकडीवर जत्रा उसळली होती. बागेत झुकझुक गाडी शिट्या मारत होती, नाताळसाठी आकाशपाळणा लागला होता, पोरं फुगे फोडत होती. साळव्यांच्या दुकानात शिरली तर तिचे डोळेच दिपले. छताला पिवळ्या, गुलाबी, जांभळ्या चांदण्या, भिंतीवर रंगीत कागदाच्या झिरमिळ्या, आतून केकचा वास. अगं बाई, या लोकांचं तर दिवाळीहून झकास आहे, असं ती मोठ्यानेच बोलून गेली आणि सुना खुदकन हसल्या.

दुकानात तर पाय ठेवायला जागा नव्हती. तिने टोपली बाहेर फरशीवर उतरवली आणि एकेक बैल काढून रांगेत उभा केला. सुहासिनीबाई चष्मा सावरत बाहेर आल्या, वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

"पंचफुलाबाई, याला चाकं का लावली?"

पंचफुलाबाईला प्रश्नच कळला नाही. उभ्या जन्मात तिने बिनचाकाचा लाकडी बैल पाहिला नव्हता. बळीरामनेही नाही, त्याच्या बापानेही नाही. लाकडी बैल म्हटला की खाली पाटी, पाटीला चार चाकं आणि पुढे दोरी. हे काय विचारून घ्यायचं असतं? सुहासिनीबाईंनी समजावलं, की गव्हाणीतला बैल गवतावर शांत बसलेला असतो. बाळाकडे बघत असतो. त्याला झूल नसते, बेगड नसते, तो काही वरातीला निघालेला नसतो. गिऱ्हाईक हसेल हो आम्हाला. हे परत न्या.

परत न्या! पंचफुलाबाईला डोळ्यांसमोर बैल दिसेनात, सुतळीने बांधलेली ट्रंक दिसू लागली. चाकं आत्ताच्या आत्ता काढून देते म्हणाली, तर सुहासिनीबाईंनी झुलीकडे बोट दाखवलं. पंचफुलाबाई बैल टोपलीत भरू लागली, आणि भरता भरता तिचा धक्का रांगेतल्या पहिल्या बैलाला लागला.

ती फरशी उताराची, पुढचा रस्ता त्याहून उताराचा. बैल आधी हळूच हलला, मग खडखड करत फरशी उतरला आणि रस्त्याला लागून जो सुटला, की विचारू नका. फुगेवाल्याच्या पायांमधून गेला. एका साहेबांच्या कुत्र्याने त्याला पाहिलं आणि शेपूट घालून पळ काढला. पंचफुलाबाई पदर खोचून मागे धावणार, तोच तिच्या बाजूने कोणीतरी सुसाट गेलं. स्टुलावर चढून चांदणी टांगत असलेले मधुकरराव! साठी पार केलेला माणूस, एका हातात चांदणी तशीच, पायातली एक चप्पल मागे राहिलेली.

उतार संपतो तिथं त्यांनी बैलाला गाठलं. सगळ्यांना वाटलं, आता उचलून आणतील. त्यांनी दोरी धरली आणि बैल ओढत रस्ता चढू लागले. वर आले, वळले आणि पुन्हा खाली धावले. तोवर बागेतली पोरं जमली होती. एकाने टोपलीतला बैल मागितला. मधुकररावांनी धापा टाकत हात हलवला, की घे. मग दुसऱ्याने घेतला, मग कोण कोणाचं ऐकतं! डिसेंबरच्या उन्हात टेकडीवर तान्हा पोळा भरला, चोवीसही बैल रस्त्यावर.

सुहासिनीबाईंनी कमरेवर हात ठेवले आणि वय झाल्याची आठवण नवऱ्याला सगळ्यांसमोर करून दिली. मधुकरराव पायरीवर बसले. धाप लागली होती, पण डोळ्यांत पाणी होतं ते धापेचं नव्हतं.

"माझे वडील चर्चचे पाळक," ते म्हणाले. "तान्ह्या पोळ्याला मिशनच्या कुंपणाशी उभा राहून मी पोरांचे बैल बघायचो. बाबा म्हणायचे, तो आपला सण नाही. सुहास, अगं आज पहिल्यांदा माझ्या हातात ही दोरी आली."

सुहासिनीबाईंनी पदराने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसला. मग मधुकररावांनीच तोड काढली. मरिया गाढवावर बसून आली, मेंढपाळ पायी आले, आता नागपूरचा बैल चाकांवर आला तर बाळ काही रडणार नाही. उलट हसेल. आणि हो, गाढव राहिलंच की! वीस तारखेच्या आत दोन डझन गाढवं पाहिजेत. चाकांसकट.

तोवर पोरांचे आईबाप पाकिटं काढत दुकानाशी आलेच होते, कारण एकही पोरगं दोरी सोडायला तयार नव्हतं.

पंचफुलाबाईला काय करू अन् काय नको असं झालं. रिकामी टोपली मांडीवर घेऊन ती थेट आकाशपाळण्यात जाऊन बसली. बैलांचे पैसे गाढवांबरोबर मिळायचे होते, जवळ बसचे तेवढे होते, तेच दिले. पाळणा वर गेला तशी ती किंचाळली, खाली आला तशी हसली, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतच राहिली. वरून तिला सगळा उतार दिसला. हिरव्या झुलीचे तिचे बैल इकडून तिकडे पळत होते.

मग दीड तास पायपीट. घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. बळीराम ट्रंकेवर बसला होता, सकाळची गाडी होती त्याची. तिचे लाल डोळे, विस्कटलेला अंबाडा बघून त्याने मान खाली घातली.

"वापस आले?"

तिने टोपली उपडी करून दाखवली. मग उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. चाकं, उतार, मधुकरराव, गाढवं. गाढव आपण जन्मात केलं नाही, असं बळीराम पुटपुटला. उद्या सकाळी कुंभारपुऱ्यात जाऊन गाढवांचे कान मापून येतो म्हणाला.

मग तो ट्रंकेवरून उठला. सुतळीची गाठ शोधली, एकेक वेढा सोडवला आणि कोनाड्यातली कात्री घेतली.

"गाढवालेबी दोरी लागनच ना वं," तो म्हणाला आणि हाताने मापून तुकडे कापू लागला.